दिवा ‘ओपन’ का होत नाही? चिनी विद्यार्थ्यांना एक इंग्रजी शब्द शिकवताना

नाशिकहून एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. चीनमधल्या सूचौ शहरातल्या काही इंजिनिअरांना त्या ऑनलाइन इंग्रजी शिकवतात. त्या लिहितात: “माझे विद्यार्थी हुशार आहेत. तांत्रिक शब्द त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. पण ‘ओपन द लाईट’, ‘आय ओपन द कार टू ऑफिस’, ‘मॅनेजर इज ओपनिंग अ मीटिंग’ हे काही सुटत नाही. डिक्शनरी दाखवावी तर तिथे ढीगभर अर्थ, ते आणखीच गोंधळतात. ‘ओपन’ त्यांना नेमका कसा समजावू? दुसरं म्हणजे, लेकीला दहावीत कमी मार्क मिळाले म्हणून गेल्या आठवड्यात मी जरा खचले होते. तासाला ते दिसलं असावं. एक विद्यार्थी म्हणाला, ‘टीचर, यू शुड थिंक ओपन.’ मी कोत्या मनाची आहे असं त्याला म्हणायचं होतं का? तेव्हापासून ते मनात टोचतंय.”

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘अजिबात नाही’ असं आहे, एवढं आताच सांगून टाकते. का, ते शेवटी सांगेन, कारण मधलं सगळं समजल्याशिवाय ते पटायचं नाही. मी चेच्यांग प्रांतातल्या निंगबो शहरात अकरा वर्षं नोकरदार माणसांना इंग्रजी शिकवलं. निर्यात करणाऱ्या कंपन्यांतल्या सेल्सच्या मुली, शिपिंगचे कारकून, कारखान्यातले सुपरवायझर. या सगळ्या वर्षांत एका शब्दावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला असेल, तर तो ‘ओपन’वर.

आधी त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते बघू. चिनी भाषेत ‘खाइ’ असं एक क्रियापद आहे. वरच्या पट्टीत सपाट धरून म्हणायचं. शाळेत ‘ओपन’ पहिल्यांदा भेटतो तेव्हा मुलं वहीत त्याच्यासमोर ‘खाइ’ लिहितात आणि ही गाठ तिथेच पक्की बसते. पण ‘खाइ’चा पसारा केवढा आहे बघा. दार उघडणं ‘खाइ’ हे ठीकच आहे. दिवा लावणं ‘खाइ तंग’. गाडी चालवणं ‘खाइ छ’. मीटिंग घेणं ‘खाइ ह्वेइ’. फूल उमलणं ‘खाइ ह्वा’. थट्टा करणं ‘खाइ वानश्याओ’. डॉक्टरने औषध लिहून देणं ‘खाइ याओ’. उकळलेलं पाणी ‘खाइ श्वेइ’. दुकानदाराने बिल करून देणं, तेही ‘खाइ’च. आपण बिल ‘फाडतो’, चिनी माणूस ते ‘उघडतो’.

या सगळ्यांना बांधणारा धागा त्या अक्षरातच आहे. खाइ हे अक्षर जुन्या लिपीत कसं होतं ते विद्यार्थ्यांकडून फळ्यावर काढून घ्या, त्यांना फार आवडतं. बाहेर दोन झडपांचं दार, आत आडवा अडसर आणि त्याच्याखाली तो अडसर काढणारे दोन हात. 1956 नंतरच्या सोप्या लिपीत दार गेलं, अडसर आणि हात तेवढे उरले. मी वर्गात म्हणायची की तुमचा ‘खाइ’ तिथेच आहे, हातांत. अडसर काढला की अडलेलं सुटतं, थांबलेलं चालू होतं, मिटलेलं फुलतं. गाडी सुटते, सभा सुरू होते, पाणी खळखळतं, कळी उमलते. ‘खाइ’ ही हालचाल आहे, काहीतरी मोकळं होऊन चालू लागण्याची.

इंग्रजीतला ‘ओपन’ मुळात हालचाल नाहीच. तो विशेषण आहे, आणि क्रियापद त्या विशेषणापासून नंतर घडलं. ‘ओपन’ म्हणजे एक अवस्था: मध्ये झाकण नाही, आडोसा नाही, आत जाता येतं, आत बघता येतं. क्रियापद म्हणून ‘ओपन’ करणं म्हणजे त्या अवस्थेला आणून सोडणं. चिनी शब्द हातांकडे बघतो आणि इंग्रजी शब्द हात निघून गेल्यावर दाराकडे बघतो. माझं सगळं शिकवणं या एका फरकावर उभं होतं.

यातून एक साधी कसोटी निघते. ‘ओपन’ वापरण्याआधी मनात म्हणून बघायचं: काम झाल्यावर ‘द अमुक इज ओपन’ असं म्हणता येईल का? आणि म्हटलं तर मला हवा तोच अर्थ निघेल का? डबा उघडला, द बॉक्स इज ओपन. बरोबर. दुकान उघडलं, द शॉप इज ओपन. बरोबर. फाइल, ॲप, वेबसाइट, बँकेतलं खातं, सगळं बरोबर. आता दिवा. ‘द लाईट इज ओपन’ म्हटलं तर दिव्याचं आवरण काढून आतल्या वायरी बाहेर लोंबताहेत असं चित्र उभं राहतं. दिव्याला इंग्रजीत ‘टर्न ऑन’ किंवा ‘स्विच ऑन’. टीव्ही, पंखा, एसी, हीटर, सगळ्यांना तेच. कॉम्प्युटर ‘टर्न ऑन’ होतो, त्याच्यातली फाइल ‘ओपन’ होते. ‘ओपन द कॉम्प्युटर’ असं कुणी म्हटलं तर ऐकणारा स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागेल, लॅपटॉप असेल तर फार तर झाकण वर करेल.

गाडीला हीच कसोटी लावा. ‘द कार इज ओपन’ म्हणजे गाडीला लॉक नाही, दार उघडं आहे. म्हणून ‘आय ओपन द कार टू ऑफिस’ ऐकणाऱ्याला ‘ओपन द कार’पर्यंत सगळं समजतं आणि ‘टू ऑफिस’ला तो अडखळतो. हे विद्यार्थ्यांना सांगाच, कारण फक्त ‘चूक’ म्हणून सोडलं तर ते पाठ करतात आणि विसरतात. ऐकणाऱ्याला त्या वेळी काय दिसलं हे कळलं की पुन्हा चुकत नाहीत.

मीटिंगचं जरा वेगळं आहे. ‘ओपन द मीटिंग’ हे इंग्रजीत आहे, पण ते अध्यक्षांचं काम: सभा सुरू झाली असं जाहीर करणं. त्यामुळे ‘मॅनेजर इज ओपनिंग अ मीटिंग’ ऐकून परदेशी ग्राहकाला वाटतं की साहेब व्यासपीठावर उभे राहून उद्घाटन करताहेत, पाच मिनिटांत मोकळे होतील. प्रत्यक्षात साहेब दोन तास आत बसणार असतात. ‘इज इन अ मीटिंग’ ही चार शब्दांची ओळ मी पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्यायची, कारण निर्यातीच्या ऑफिसात फोनवर रोज लागते.

इथे एक गोष्ट आपण मराठी माणसांनी लक्षात घ्यायला हवी. ‘ओपन द लाईट’ ऐकून आपल्याला ते विचित्र वाटतं, पण आपल्या ‘लावणे’कडे बघा. ‘दिवा लाव’ म्हणजे चालू कर. ‘दार लाव’ म्हणजे बंद कर. एकच क्रियापद, दोन उलट टोकं. परक्या माणसाला हे कसं समजावणार? शिवाय कुकर लावतो, गजर लावतो, झाड लावतो, अंथरुणाला चादर लावतो, शाळेत नाव लावतो, बोट लावतो, वेड लावतो. आपल्याला यात कुठेच अडखळायला होत नाही, कारण आपण ‘लाव’ एकटा शिकलोच नाही. दिव्याबरोबर, दाराबरोबर, कुकरबरोबर शिकलो. मी हे उदाहरण वर्गात सांगायची आणि विद्यार्थ्यांचे खांदे सैल झालेले दिसायचे. आपणच वेडेवाकडे बोलतो अशी त्यांची भावना असते, ती जाते. फिलिपीन्समध्ये इंग्रजी बोलतानाही सर्रास ‘ओपन द लाईट’ म्हणतात, कॅनडातल्या क्वेबेकचे लोक फ्रेंचमध्ये दिवा ‘उघडतात’ आणि ‘मिटतात’, हेही सांगा. चूक ती चूकच, पण तुमचा विद्यार्थी तिच्यात एकटा नाही.

आता तुमचे विद्यार्थी इंजिनिअर आहेत, म्हणून कारखान्यातला एक शब्द मुद्दाम सांगते, कारण यात पैसे अडकतात. प्लास्टिकचा नवा भाग बनवायचा तर आधी साचा तयार करावा लागतो. साचा तयार करण्याला चिनी भाषेत ‘खाइ मू’ म्हणतात, शब्दशः साचा उघडणं. त्यामुळे चिनी कारखान्यांच्या ईमेलमध्ये ‘वी नीड टू ओपन अ न्यू मोल्ड’ आणि ‘मोल्ड ओपनिंग फी’ असे शब्द सतत येतात. परत आल्यावर भोसरीतल्या एका प्लास्टिकवाल्या उद्योजकांनी मला असाच एक ईमेल दाखवला होता. त्यांचा प्रश्न रास्त होता: साचा त्या चिनी कारखान्याकडे आहे, तो नुसता उघडायचे एवढे डॉलर कसले मागतात? त्यांना समजावलं की साचा अजून अस्तित्वातच नाही. तो घडवण्याचे, म्हणजे टूलिंगचे, पैसे मागताहेत. त्यांनी डोक्याला हात लावला. दोन महिने त्या एका शब्दावर ऑर्डर लटकली होती. इंग्रजीत ‘द मोल्ड इज ओपन’ म्हणजे साच्याचे दोन भाग वेगळे झालेत, एवढंच. आणि फायबरग्लासच्या धंद्यात ‘ओपन मोल्ड’ ही निराळीच पद्धत आहे, एका बाजूने उघड्या साच्यात थर चढवत जाण्याची. तुमच्या इंजिनिअरांकडून ‘मेक द मोल्ड’ आणि ‘टूलिंग कॉस्ट’ हे शब्द घोटून घ्या.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर विद्यार्थी घाबरून ‘ओपन’ वापरायचंच सोडतात. पुष्कळ ठिकाणी ‘खाइ’ आणि ‘ओपन’ हातात हात घालून चालतात. खातं उघडणं दोन्हीकडे सारखं. आयातदाराने बँकेकडून पतपत्र (मालाचे पैसे मिळतील अशी बँकेची लेखी हमी) काढणं, ज्याला आपले व्यापारीही ‘एलसी ओपन केली’ म्हणतात, तिथेही सारखं. ‘ओपन फायर’, म्हणजे गोळीबार सुरू करणं, चिनी ‘खाइ ह्वो’शी शब्दाला शब्द जुळतं. हे माझ्या कसोटीत बसत नाही. तसंच्या तसं शिकवायचं. दुकान, हॉटेल, शाखा यांना ‘ओपन’ चालतं, पण कंपनीला ‘स्टार्ट’ किंवा ‘सेट अप’ जास्त शोभतं, आणि इथेही कसोटी फार मदत करत नाही. मी एवढंच सांगायची: जिथे गिऱ्हाईक दारातून आत येतं ते ‘ओपन’ होतं, कागदावर जन्माला येतं ते ‘सेट अप’ होतं. आणि उकळलेल्या पाण्याच्या खोलीवर ‘ओपन वॉटर’ अशी पाटी तुम्हाला तिकडे कधी दिसली तर नवल वाटून घेऊ नका. इंग्रजीत ‘ओपन वॉटर’ म्हणजे किनाऱ्यापासून दूरचं मोकळं पाणी. चिनी रेल्वेच्या डब्यात चहासाठी, नूडल्ससाठी मिळतं ते ‘बॉइल्ड वॉटर’, किंवा सरळ ‘हॉट वॉटर’.

यापुढची अडचण जास्त खोल आहे आणि वरच्या पातळीच्या विद्यार्थ्यांतही राहते: ‘ओपन’, ‘ओपनिंग’ की ‘ओपन्ड’? रात्री दहा वाजता दुकान चालू आहे हे सांगायला विद्यार्थी म्हणतो, ‘द शॉप इज ओपनिंग.’ याचं मूळ त्यांच्या व्याकरणात आहे. चिनीत क्रियापदाला ‘च’ असा एक प्रत्यय लागतो, ‘खाइ-च’, म्हणजे उघडल्यानंतर उघडं राहिलेलं. पाठ्यपुस्तकात या ‘च’चा अर्थ ‘आयएनजी’ असा दिलेला असतो. झालं, उघडं दार ‘ओपनिंग’ होऊन बसतं.

इथे तुम्हाला मराठीचा फायदा आहे, तो घ्या. ‘दार उघडं आहे’ आणि ‘दार उघडतंय’ यांतला फरक आपल्याला पाळण्यापासून माहीत असतो. पहिलं ‘ओपन’, दुसरं ‘ओपनिंग’. विद्यार्थ्यांना मराठी येत नाही हे खरं, पण त्यांनाही दोन चित्रं दाखवता येतात. वर्गातलं दार मी हळूहळू ढकलायची, तोवर सगळ्यांनी म्हणायचं ‘इट्स ओपनिंग’. दार भिंतीला टेकलं की मी हात काढून बाजूला उभी राहायची, आणि मग ‘इट्स ओपन’. हात आहे तोवर ‘ओपनिंग’, हात गेला की ‘ओपन’. ऑनलाइन वर्गात पेटीचं झाकण घेऊन हेच करता येतं. दुकानाबाबत ‘इज ओपनिंग’ म्हटलं तर ‘पुढच्या आठवड्यात सुरू होतंय’ असा अर्थ निघतो, हे त्याला जोडूनच सांगा.

‘ओपन्ड’ची चूक मात्र इंग्रजीच्याच बेशिस्तीमुळे होते. दुकान ‘क्लोज्ड’ असतं, मग ‘ओपन्ड’ का नाही? विद्यार्थ्याचा तर्क चोख आहे. उत्तर एवढंच की ‘ओपन’ स्वतःच विशेषण आहे, त्याला शेपूट लागत नाही. ‘क्लोज्ड’ क्रियापदापासून बनवावं लागतं. हे समजल्यावर विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जाऊन ‘द शॉप इज क्लोज’ लिहितात. ते लिहिलेलं वाचणारा ‘क्लोस’ असं वाचेल, म्हणजे दुकान ‘जवळ’ आहे. बंद दुकान जवळ असून काय उपयोग! ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ ही विजोड जोडी मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावून ठेवली होती.

‘ओपन्ड’चा खरा उपयोग घटनेसाठी. ‘द डोअर ओपन्ड’, दार उघडलं. इथे चिनी विद्यार्थ्याला वाटतं की दार काही आपणहून उघडत नाही, कुणीतरी उघडलं असणार, म्हणून तो ‘द डोअर वॉज ओपन्ड’ लिहितो. गंमत अशी की त्याची स्वतःची भाषा आणि आपली मराठी दोन्ही इथे इंग्रजीसारख्याच वागतात. आपण ‘दार उघडलं’ म्हणतो, ‘दार उघडलं गेलं’ असं सहसा म्हणत नाही. तरीही इंग्रजी लिहिताना कर्मणी प्रयोग जास्त सुशिक्षित वाटतो आणि सगळीकडे घातला जातो.

हा फरक मी निंगबोतल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच शहरावरून शिकवला, आणि अकरा वर्षांतले माझे सर्वांत चांगले तास तेच होते. पहिल्या अफूच्या युद्धानंतर 1842 च्या नानचिंग तहाने ब्रिटिशांनी चीनची पाच बंदरं परदेशी व्यापाराला खुली करून घेतली: क्वांगचौ, श्यामेन, फूचौ, निंगबो आणि शांघाय. पुढे 1978 च्या डिसेंबरात चीनने ‘सुधारणा आणि खुलेपणा’चं धोरण स्वीकारलं, आणि 1984 मध्ये किनाऱ्यावरची चौदा शहरं परदेशी गुंतवणुकीसाठी खुली झाली. त्यांतही निंगबो होतं. या धोरणाच्या चिनी नावात ‘खाइ-फांग’ असा शब्द आहे आणि इंग्रजीत त्याला ‘ओपनिंग अप’ म्हणतात. मी फळ्यावर 1842 आणि 1984 ही दोन सालं लिहायची आणि विचारायची: कुठे ‘निंगबो वॉज ओपन्ड’ आणि कुठे ‘निंगबो ओपन्ड’?

एरवी व्याकरण म्हटलं की माना खाली घालणारी मंडळी त्या दिवशी भांडायची. 1842 ला ‘वॉज ओपन्ड’ यावर एकमत असायचं. तोफांच्या धाकाने दुसऱ्याने उघडलेलं शहर ते. 1984 ला बहुतेक जण ‘ओपन्ड’ म्हणायचे. पण एकदा एक वयस्कर शिपिंग कारकून उठून म्हणाले, तेव्हाही निर्णय राजधानीत, पेइचिंगमध्ये (बीजिंगमध्ये) झाला होता, म्हणून ‘वॉज ओपन्ड’ हेच खरं. वर्ग शांत झाला. त्यांचं इंग्रजी अगदीच तोडकं होतं, पण ‘वॉज’ हा शब्द कोणता भार उचलतो हे त्यांना माझ्यापेक्षा नीट कळलं होतं. त्या युद्धाआधी चीनमध्ये जाणाऱ्या अफूतला मोठा वाटा माळव्याचा होता आणि तो मुंबई बंदरातून जात असे, हे मी मुंबईत वाढलेली बाई त्यांना सांगायची. ते लपवून हा धडा शिकवणं मला प्रामाणिक वाटलं नसतं.

आता एक बरणी. एक मुलगी घरून मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन आली होती, वर्गात वाटायला. झाकण निघेना. ती कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, “टीचर, आय ओपन्ड इट फॉर हाफ अॅन अवर!” बरणी तर घट्ट बंद. चिनीत हे वाक्य निर्दोष आहे, कारण ‘खाइ’ म्हणजे उघडण्याची खटपट. ती यशस्वी झाली की नाही हे सांगायला वेगळा शब्द जोडावा लागतो. ‘ता-खाइ’ म्हणजे उघडलं, ‘ता-पु-खाइ’ म्हणजे खटपट केली पण उघडेना. इंग्रजी ‘ओपन’मध्ये यश आधीच धरलेलं असतं. ‘आय ओपन्ड इट’ म्हटलं की बरणी उघडी असलीच पाहिजे. अर्धा तास खटपट केली तर ‘आय ट्राइड टू ओपन इट’. त्या दिवशी बरणी प्रत्येकाच्या हातात फिरली, प्रत्येकाने ‘आय ट्राइड टू ओपन इट’ म्हटलं, आणि शेवटी ज्याच्याकडून झाकण निघालं त्याने ‘आय ओपन्ड इट’. लोणचं फार चांगलं होतं. ते वाक्य त्या वर्गातलं कुणी विसरलं नसेल.

माणसाविषयी ‘ओपन’ वापरताना मात्र सावध करा, इथे चूक झाली तर माणूस दुखावतो. मुलाखतीत चिनी उमेदवार हमखास म्हणतात, ‘आय अॅम अॅन ओपन पर्सन.’ त्यांच्या मनात असतो ‘खाइ-लांग’ हा शब्द, म्हणजे हसतमुख, चार माणसांत मिसळणारा. इंग्रजीत त्याला ‘चीअरफुल’ किंवा ‘आउटगोइंग’. ‘ओपन’ माणूस म्हणजे मनात काही न ठेवता बोलणारा. दुसऱ्या बाजूला, तुम्ही एखाद्या चिनी विद्यार्थिनीचं कौतुक करायला ‘शी इज व्हेरी ओपन’ म्हणालात आणि ऐकणाऱ्याने त्याचं मनात ‘खाइ-फांग’ असं भाषांतर केलं, तर अर्थ भलतीकडे जातो. बाईविषयी तो शब्द तिच्या स्त्री-पुरुष संबंधांतल्या मोकळेपणाकडे बोट दाखवतो. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी हे एका मुलीविषयी भर वर्गात बोलले. ती लाल झाली, बाकीचे टेबलाकडे बघत राहिले. मला तासानंतर कारण कळलं आणि दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. तेव्हापासून मी ‘फ्रँक’ म्हणते.

आनंदी असण्याला चिनीत ‘खाइ-शिन’ म्हणतात, शब्दशः उघडं हृदय. ‘टुडे आय अॅम ओपन हार्ट’ असं कुणी लिहिलं तर लगेच ‘हॅपी’ लिहून द्या, कारण इंग्रजी वाचणाऱ्याला, आणि आपल्यालाही, ‘ओपन हार्ट’ म्हटलं की ऑपरेशन थिएटर दिसतं. पण लाल शाईने खोडण्याआधी तो शब्द क्षणभर बघून घ्या. पिस्त्याला चिनीत ‘खाइ-शिन-क्वो’ म्हणतात, हृदय उघडलेलं फळ. कवच उकललेला पिस्ता हातात घेऊन बघा, नाव किती नेमकं आहे ते कळेल.

‘ओपन टू’विषयी थोडक्यात. ‘ओपन टू सजेशन्स’, ‘ओपन टू द पब्लिक’, इथे ‘टू’नंतर नाम येतं, म्हणून ‘ओपन टू लर्न’ नव्हे, ‘ओपन टू लर्निंग’. एवढं पुरे. उच्चारात फक्त ‘ओपन्ड’च्या शेवटच्या ‘ड’वर लक्ष ठेवा. चिनी अक्षराच्या शेवटी दोन व्यंजनं एकत्र येतच नाहीत, त्यामुळे तो ‘ड’ गळतो आणि कालची गोष्ट आजची होते. ‘ओपन्ड इट’ असं पुढच्या स्वराला जोडून म्हणायला लावा, मग तो ‘ड’ आपोआप ऐकू येतो.

शिकवायच्या क्रमाबद्दल माझं मत ठाम आहे. पहिल्या दिवशी क्रियापद देऊ नका. ‘इज ओपन’ असलेली वाक्यं द्या: दुकान, दार, खिडकी, तोंड, फाइल. आठवडाभर तेवढंच. मग त्याच वस्तूंना क्रियापद लावा. दिवा, टीव्ही, गाडी यांची ओळख ‘ओपन’ची चूक म्हणून करून देऊ नका, ‘टर्न ऑन’ आणि ‘ड्राइव्ह’ यांची स्वतःची माणसं म्हणून करून द्या. आणि वहीत ‘ओपन’ एकटा लिहू देऊ नका, कायम जोडीदारासकट लिहायचा.

आता तुमचा तो विद्यार्थी. चिनीत ‘खाइ’ दुसऱ्या क्रियापदाच्या मागेही लागतो आणि ‘बाजूला, सुटं, दूर’ असा अर्थ देतो. चालणं अधिक खाइ म्हणजे ‘बाजूला हो’. वेगळं करणं अधिक खाइ म्हणजे ताटातूट. काही जोड्या इंग्रजीशी जुळतात, ‘कट ओपन’, ‘पुश ओपन’. ‘श्यांग’ म्हणजे विचार करणं. ‘श्यांग-खाइ’ म्हणजे विचारांची बसलेली गाठ सोडून देणं. कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं माणूस गेलं, की शेजारी बसून हळू आवाजात म्हणतात, ‘श्यांग-खाइ त्येन’. मोकळ्या विचारांचे व्हा असा त्याचा अर्थ कधीच होत नाही. त्याला इंग्रजीत ‘डोंट टेक इट टू हार्ट’ म्हणायचं होतं. ते त्याला येत नव्हतं, म्हणून त्याने त्याच्या आईच्या भाषेतले शब्द जसेच्या तसे उचलून तुमच्यासमोर ठेवले.

त्याचं नेमकं मराठी म्हणजे ‘मनाला लावून घेऊ नका’. पुढच्या तासाला त्याला ते इंग्रजी वाक्य शिकवा, आणि आभार माना.